इंजिनाचें चिलखत

मोटारसायकलीवरील गार्डांपैकीं घरोघरीं परिचित असलेला गार्ड म्हणजे साडीगार्ड. मागें बसणाऱ्या व्यक्तीचें वस्त्र चाकांत अडकूं नये म्हणून मागील चाकाचा निदान निम्मा भाग झांकलेला असावा, असा दंडक १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. या साध्या जाळीचें काम काय, हें तिच्या नांवांतच आलेलें आहे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंस जी वांकविलेली पोलादी नळी बसवितात, तिच्या बाबतींत मात्र नांवानेंच घोटाळा केला आहे. बाजारांत तिला लेगगार्ड म्हणतात. आणि मुलगा लडाखला निघाला म्हणजे, पायाला तरी कांहीं होणार नाहीं, या समाधानानें आईबाप ती आनंदानें विकत घेऊन देतात.

हें समाधान खरें नव्हे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं लॉस एंजेलिसच्या परिसरांतील ९०० मोटारसायकल-अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास केला व त्याचा अहवाल १९८१ मध्यें प्रसिद्ध झाला. अशा नळ्यांमुळें घोटा व पाऊल यांच्या इजा कमी होतात, परंतु मांडी, गुडघा व नडगी यांच्या इजा वाढून तो लाभ फिटून जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पायासाठीं उंच, कडक बूट आणि गुडघ्याचें कवच हींच साधनें होत. नळी आहे ती इंजिनासाठीं. आणि तिची निवड त्याच दृष्टीनें व्हावयास पाहिजे.

ज्यांना आज ॲडव्हेंचर मोटारसायकली म्हणतात, त्यांची परंपरा बहुधा बीएमडब्ल्यू कंपनीनें १९८० मध्यें काढलेल्या आर ८० जी/एस या गाडीपासून मोजतात. तिच्या इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही अंगांस आडवे पसरलेले होते. अशी गाडी कलंडली कीं प्रथम भुईला टेकतें तें सिलिंडरचें डोकें. तेथें गार्ड कां हवा, हें कोणालाहि दिसतें. भारतांतील एका सिलिंडरच्या गाड्यांत तें इतकें उघड नाहीं. रॉयल एनफील्डची हिमालयन घ्या, कीं पुण्याजवळ चाकण येथें तयार झालेली केटीएमची ३९० ॲडव्हेंचर घ्या, सिलिंडर उभा व चौकटीच्या आंत असतो. परंतु त्याच्या खालीं एका बाजूस क्लचचें आणि दुसऱ्या बाजूस मॅग्नेटचें, अशीं दोन झांकणें बाहेर आलेलीं असतात. तीं ॲल्युमिनियमच्या ओतकामाचीं. असा ओतीव धातु फारसा वांकत नाहीं; तो तडकतो. तडा गेला कीं तेल गळूं लागतें, आणि तेल संपल्यावर इंजिन चालविलें तर तें जाम होतें.

मनालीहून लेहला जाणारा रस्ता चारशें किलोमीटरांहून लांब आहे. वाटेंत बर्फ वितळून आलेले नाले कित्येक ठिकाणीं रस्त्यावरूनच वाहतात; सकाळीं घोट्याएवढें असलेलें पाणी दुपारीं पुष्कळच वाढतें. स्वार तेथें वेगानें पडत नाहीं. गोट्यावरून पुढील चाक घसरतें, तो पाय टेकावयास जातो, पायाला तळ लागत नाहीं, आणि १९६ किलोग्रॅम वजनाची नवी हिमालयन सावकाश आडवी होते. स्वारास खरचटतहि नाहीं. पण खालीं टोंकदार दगड असला तर झांकण फुटतें. मग तडा कोरडा करून त्यावर एम-सील मळून लावावयाचें आणि एखाद्या ट्रकची वाट पाहात बसावयाचें. घरीं नळाची गळती बंद करणारें हें लुकण त्या थंडींत वाळावयासहि फार वेळ घेतें.

गार्ड घेतांना बहुतेक लोक नळीची जाडी पाहतात. पाहावयाचें तें दुसरेंच: नळी बांधली आहे कोठें? पडण्याचा आघात नळींत संपत नाहीं. तो बोल्टांपर्यंत जातो आणि बोल्ट ज्यांत रुतले असतील त्यावर कोसळतो. २०१६ सालच्या पहिल्या हिमालयनमध्यें चौकटीच्या नळ्या इंजिनाच्या खालून गेलेल्या होत्या. गार्डाला धरावयास पोलाद मिळत असे. २०२३ मध्यें आलेल्या ४५२ सीसीच्या हिमालयनमध्यें इंजिन हाच चौकटीचा भार वाहणारा एक भाग आहे. अशा गाडींत एकाच ठिकाणीं लटकलेली, दूरवर बाहेर आलेली जाड नळी म्हणजे इंजिनाला लावलेली पहारच समजावी. तीनचार ठिकाणीं बांधलेली, डावीउजवी बाजू आडव्या दांड्यानें जोडलेली आणि अंगालगत असणारी नळी शतपटीनें बरी, मग ती दिसावयास कितीहि सामान्य असो. गार्ड वांकला म्हणून हळहळूं नये. आघात स्वतःवर घेऊन वांकणें हेंच त्याचें काम आहे. साधें पोलाद या दृष्टीनें सोयीचें, कारण तें कोणत्याहि गांवचा वेल्डिंगवाला ठोकून सरळ करून देतो. समुद्रकांठच्या माणसानें मात्र स्टेनलेसचा विचार करावा. त्या नळीवर दिवे आणि पाण्याचे डबे टांगण्याची हौस शक्य तों आवरावी.

इंजिनाच्या पोटाखालील पत्र्याच्या ढालीला बॅश प्लेट म्हणतात. तिच्यांत आणि इंजिनांत बोटभर पोकळी हवी; चिकटून बसलेली प्लेट दगडाचा दणका जसाच्या तसा आंत पोंचविते. तेल काढण्याच्या बोल्टासमोर तिला भोंक असलें म्हणजे दर खेपेस ती उतरवावी लागत नाहीं.

बसविण्याच्या कामांत घाई नडते. गार्डाचे बोल्ट पुष्कळदां इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्याच जागीं बसतात. म्हणून इंजिनाखालीं लांकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यावा व एका वेळीं एकच बोल्ट काढावा. सर्व बोल्ट प्रथम सैल अडकवावे आणि मग आळीपाळीनें आवळावे. भोंक जुळत नाहीं म्हणून नळी पहारीनें ताणून बसविणारे मिस्त्री थोडे नाहींत. ती ताणलेली नळी गाडीच्या थरथरण्यानें पुढें जोडाशीं चिरते. शेवटचा पीळ टॉर्क पान्यानें, कंपनीच्या पुस्तिकेंतील आंकड्याप्रमाणें द्यावा. मग हँडल दोन्हीकडे पुरतें वळवून पाहावें. ब्रेकचा आणि गिअरचा दांडा मोकळा फिरतो ना, रेडिएटरची हवा अडत नाहीं ना, हें तपासावें. दोनतीनशें किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्टांवरून पुन्हा एकदां पाना फिरवावा.

आणि गाडी एकदां पडली, गार्डानें मार खाल्ला, वरून सर्व ठीक दिसलें, तरी घरीं आल्यावर तो उतरवून पाहावा. चीर असली तर ती बहुधा नळीवर दिसत नाहीं. ती मागें, बोल्टाच्या भोंकाशीं, चिखलाखालीं असते.