डिस्कचा ताप



आपल्या धाराशिवात मे महिन्यात व्याख्यान संध्याकाळीच ठेवावं लागतं. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, माणसं सावली धरतात. पण तुळजापूरच्या लॉजवरचा किंवा उमरग्याच्या कृषी सेवा केंद्रातला सीसीटीव्हीचा डीव्हीआर पत्र्याखालच्या माळ्यावर चोवीस तास चालूच असतो. त्याच्या पोटातली हार्ड डिस्क मिनिटाला हजारो फेरे घेत असते. तिला किती ताप आहे हे तिला स्वतःला ठाऊक असतं. विचारणारा कुणी नसतो, एवढंच.

डिस्कमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो. त्याचं माप ती एका तक्त्यात ठेवते. बहुतेक डिस्कांत ही नोंद १९४ क्रमांकाची असते. चालू डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज जास्त तापते, आणि पुष्कळ डिस्कांची कंपनीने दिलेली मर्यादा ६० अंश सेल्सियस असते. माळ्यावर बेचाळीस अंश असले तर हिशेब तुम्हीच करा.

या तक्त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. १९९२ मध्ये आयबीएमने आपल्या डिस्कांना बिघाडाची आगाऊ सूचना द्यायला शिकवलं, १९९५ मध्ये कॉम्पॅकने आपली पद्धत आणली आणि पुढे सगळ्या कंपन्यांसाठी मिळून मानक ठरलं. तक्ता वाचणारं ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे मोफत सॉफ्टवेअर ब्रूस अ‍ॅलन या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलं. गुरुत्वीय लहरी शोधण्यासाठी त्याच्याकडे शेकडो संगणक जोडलेले होते आणि त्यातली एखादी डिस्क कधी दगा देईल याचा नेम नव्हता. त्याच लहरींसाठी आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे.

आता तपासणीचं. डिस्क स्वतःला दोन तऱ्हांनी तपासते. छोटी चाचणी दोनेक मिनिटांत यंत्रणा आणि पृष्ठाचा थोडा भाग बघते. मोठी चाचणी अख्खं पृष्ठ वाचून काढते. मोठ्या डिस्कला त्यात कित्येक तास जातात. दोन्हींत तुमच्या फायलींना धक्का लागत नाही, काम चालू ठेवता येतं. मध्येच लाइट गेली तर मात्र चाचणी अर्धवट राहते, त्यामुळे आपल्याकडे ती इन्व्हर्टरच्या भरवशावरच लावलेली बरी. वाचता न आलेली जागा सापडली की डिस्क तिचा पत्ता नोंदवते. शेवटच्या एकवीस चाचण्यांचे निकाल तिच्याजवळ असतात.

जागा वाचता येत नसेल तर ती १९७ क्रमांकाखाली ‘प्रलंबित’ म्हणून मोजली जाते. पुढे तिथे लिहिताना जागा खरोखर खराब निघाली, तर तिच्याऐवजी राखीव जागा वापरात येते, गाडीला स्टेपनी लावावी तशी, आणि क्रमांक ५ चा आकडा एकाने वाढतो.

माझं मत विचाराल तर आपण तापाला नको तेवढं घाबरतो आणि या आकड्यांना पुरेसं घाबरत नाही. २००७ साली गुगलच्या तीन संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताप आणि बिघाड यांचा संबंध समजूत होती त्याहून बराच सैल निघाला; फार जास्त तापमानात आणि तीन वर्षं ओलांडलेल्या डिस्कांत तो ठळक दिसला. याउलट, तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. मात्र बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांच्या तक्त्यात मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही नव्हता. म्हणजे डिस्क ‘आजारी आहे’ म्हणाली तर विश्वास ठेवा, ‘ठणठणीत आहे’ म्हणाली तर ठेवू नका.

यूएसबीच्या पेटीतली डिस्क हा तक्ता कधी दाखवते, कधी नाही. तो पेटीतल्या चिपचा प्रश्न. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर तो तक्ता सहज दाखवतं.

इथे फोटो स्टुडिओवाले, पतसंस्थेचे सचिव, सेवा केंद्र चालवणारे बसले आहेत. उद्या दुकान उघडलंत की ५, १९७ आणि १९८ (तपासणीत वाचता न आलेल्या जागा) हे तीन आकडे कागदावर उतरवा आणि महिन्याने पुन्हा ताडून पाहा. आकडा वाढला असेल तर त्याच दिवशी नवी डिस्क मागवा. वाढला नसेल तरी ग्राहकांच्या नोंदींची दुसरी प्रत काढा, आणि ती त्याच माळ्यावर ठेवू नका.