दाराबाहेरची जागा



माझी नणंद लग्न होऊन मुंबईस गेली आणि चाळीस वर्षे वरळीच्या बी.डी.डी. चाळीत राहिली. सरकारने १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पहाटेच्या रांगेचे हाल बायकांनीच जास्त सोसले. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची नवी घरे मिळाली. त्यांत तीही होती. स्वतःचे न्हाणीघर पाहून तिला रडू आले.

परवा भेटले, तेव्हा म्हणाली, "वहिनी, चाळीत तापाने पडले तर शेजारीण न सांगता पेज आणी. इथे दार लावले, की मी आहे की नाही, कोणाला कळत नाही."

भगिनींनो, घर मोठे हवेच. पण नकाशात खोल्या मोजतात, शेजार मोजत नाहीत. आपल्या दिग्रसलाही नव्या ले-आउटमध्ये ओटे जाऊन कुंपणाच्या भिंती येत आहेत. म्हणून यंदा प्रत्येकीने आपल्या ओळीतील एकट्या बाईचे दार रोज एकदा वाजवावे. त्याला वर्गणी लागत नाही.