दाराबाहेरचे दुखणे



१९५३ साली कोपनहेगन येथे डॉ. इब्सेन यांनी अतिदक्षता विभागाचा पाया घातला. आत यंत्र श्वास देते. दाराबाहेरच्या सहचारिणीचे काय? वाशिमहून अकोल्यास नेलेल्या रुग्णाची पत्नी जिन्यावर रात्र काढते, न उमगलेल्या कागदावर सही करते. पुढे कित्येक महिने झोप उडते, भय छळते. २०१२ साली वैद्यकाने आप्तांच्या या त्रासास स्वतंत्र नावच दिले.

आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी परक्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. तेवढे आपल्या हातून होणे नाही. पण पाळीपाळीने डबा पोचविणे, एक रात्र तिच्या जागी बसणे, डॉक्टरांचे बोलणे उलगडून सांगणे, एवढे आपण खचित करू शकतो. ‘धीर धरा’ म्हणण्याआधी ‘जेवलात का?’ असे विचारू या.