मामांचा फोन, 'आय सेव्हन'चं स्टिकर आणि ४५ हजारांचं बजेट

एसटीत उभे असाल, दौंडच्या शटलमध्ये खिडकी मिळाली असेल, नाहीतर रांजणगावला सेकंड शिफ्ट संपवून घरी निघाला असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. बारावी झाली, ॲडमिशन झालं, घरचे म्हणतात लॅपटॉप घे, पण बजेट मोजकं आहे. कुठला घेऊ?

उत्तर द्यायच्या आधी एक किस्सा सांगतो. माझं गाव शिरूरकडचं, मामांचं दौंडकडचं. मामेबहिणीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालं आणि मामांचा फोन आला. "अरे, दुकानात उभाय मी. आय सेव्हन आहे म्हणतोय, सेकंड हँड, ३० हजारात देतोय. आय सेव्हन म्हणजे सगळ्यात भारी ना? पैसे देऊन टाकू का?"

मी म्हणलं, मामा, दोन मिनिटं थांबा. सेटिंगमधल्या 'अबाउट'च्या पानाचा फोटो पाठवा. फोटो आला. प्रोसेसर होता आय ७-७६००यू. आता नीट ऐका. त्या डॅशनंतरचा पहिला ७ म्हणजे सातवी जनरेशन. या चिपमध्ये कोअर फक्त २ आहेत. त्याउलट बाराव्या जनरेशनचा साधा आय ३-१२१५यू घेतला तर त्यात ६ कोअर मिळतात. म्हणजे आय सेव्हनचं स्टिकर मोठं, पण आय थ्री त्याला सहज मागं टाकतो. आणि खरी अडचण पुढंच आहे. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी जनरेशन किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पोरगी चार वर्षं शिकणार, आणि मशिन पहिल्या दिवसापासूनच म्हातारं.

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "बरं झालं विचारलं. उसाच्या बिलातले पैसे आहेत रे."

हे शेवटचं वाक्य मला आठवतंय, कारण माझ्या वेळेलाही असंच झालं होतं. घरच्यांनी जुळवाजुळव करून लॅपटॉप घेऊन दिला आणि मी निवडताना काय बघितलं? '१ टीबी'! केवढी मोठी हार्ड डिस्क! ती फिरणारी जुनी हार्ड डिस्क होती. लॅपटॉप चालू करायचो, चहा टाकायचो, चहा उकळायचा, तरी विंडोज आपलं गोल गोल फिरतंय. तिसऱ्या वर्षी एका सिनियरनं एसएसडी बसवून दिली, तेव्हा कळलं की मशिन वाईट नव्हतं, माझी निवड चुकली होती. चूक माझी, आणि पैसे वडिलांचे.

म्हणून मामांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. बजेट होतं ४५ हजार. पैसा कुठल्या क्रमानं घालायचा?

पहिलं, एसएसडी. एनव्हीएमई एसएसडी हवी, ५१२ जीबी. 'ईएमएमसी' असं लिहिलेलं दिसलं की पुढं चला. ते स्टोरेज बऱ्यापैकी हळू असतं आणि बहुतेक वेळा बोर्डावरच चिकटवलेलं असतं, नंतर बदलता येत नाही.

दुसरं, रॅम. ४ जीबीवर विंडोज ११ सुरू होतं, पण सुरू होणं आणि काम करणं यात फरक आहे. ८ जीबी हा तळ समजा. १६ परवडली तर उत्तमच. नाही परवडली तर ८ घ्या, पण एक प्रश्न विचाराच: रॅमचा स्लॉट रिकामा आहे का? हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती आज ८ तर कायम ८. दुकानातल्या मशिनवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथं किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका, कंपनीच्या साइटवर मॉडेलचं पान उघडून 'अपग्रेडेबल' आहे का तेही बघा. स्लॉट रिकामा असेल तर आणखी एक फायदा. दुसरी काडी बसवली की दोन्ही मिळून काम करतात आणि आतल्या ग्राफिक्सलाही वेग येतो.

तिसरं, प्रोसेसर. इंटेलचं आत्ता सांगितलं, आय थ्री की आय फाइव्ह याआधी जनरेशन बघा. एएमडीचा घोळ वेगळाय. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात एकाच आकड्याचा फरक. दोन्ही 'रायझन फाइव्ह, सात हजार सिरीज'. पण या सिरीजमध्ये तिसरा आकडा आतली पिढी सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे जुनी झेन २ पिढी, ४ कोअर, आणि रॅम सोल्डर केलेलीच. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३, आणि ६ कोअर. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात, दोन-चार हजारांच्या फरकानं. ते दोन-चार हजार घालायची जागा हीच. आणि सेलेरॉनवर इंजिनिअरिंग करायला जाऊ नका, बास.

चौथं, स्क्रीन. फुल एचडी आणि आयपीएस. स्वस्तात टीएन पॅनल असतं, जरा बाजूनं बघितलं की रंग उडतो. रूमवर चौघं एका स्क्रीनवर असाइनमेंट बघत असाल तर कळेल मी काय म्हणतोय.

आता पैसा कुठं वाचवायचा? ग्राफिक्स कार्डवर. मेसेजमध्ये निम्म्या पोरांनी विचारलंय, "दादा, गेमिंग लॅपटॉप घेऊ का? कोडिंगला लागतो ना?" नाही लागत रे. सी, पायथन, जावा, डेटाबेस, वेबसाइट, यातल्या कशालाच लागत नाही. मशिन लर्निंग शिकताना जीपीयू लागलाच तर गूगल कोलॅबवर मर्यादित वापर फुकट मिळतो. अँड्रॉइड ॲप करायचे असतील तर ग्राफिक्स कार्डाचे पैसे रॅमवर घाला, कारण अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर ८ जीबीत घुसमटतो. मेकॅनिकल किंवा आर्किटेक्चरला थ्रीडी मॉडेल, रेंडरिंग असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड कामाचं, पण तेसुद्धा सिनियरना विचारून. बीकॉम, बीए असेल, टॅली, एक्सेल आणि प्रेझेंटेशन करायचं असेल, तर आय थ्री, ८ जीबी आणि एसएसडी पुष्कळ झालं. उरलेले पैसे घरी परत द्या, आई खूश होईल.

आणि हे बघा, गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन-अडीच किलोचा, वर चार्जरची वीट. दौंडहून रोज शटलनं अप-डाउन करणार असाल, किंवा शिरूरहून एसटीनं, तर ते वजन चार वर्षं तुमच्या खांद्यावर आहे. बॅटरीही लवकर बसते. वस्तीवर लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तिथं सहा तास चालणारा दीड किलोचा लॅपटॉप मला जास्त 'पॉवरफुल' वाटतो. जाता जाता, तीन पिनचा पॉइंट आणि नीट अर्थिंग असेल तिथंच चार्जिंग लावा. मोटारीच्या पेटीवरून ओढलेल्या वायरवर अजिबात नको.

आपल्या भागासाठी अजून एक गोष्ट. कंपनी 'ऑनसाइट वॉरंटी' म्हणते, म्हणजे माणूस घरी येऊन दुरुस्त करणार. पण कुणाच्या घरी? कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघा. शिरूरचा ४१२२१०, दौंडचा ४१३८०१, वाडीवस्तीवर असाल तर तुमचा जो असेल तो. सेवा मिळत नसेल तर प्रत्येक बिघाडाला पुण्याची एक फेरी आणि एक दिवस धरून चाला.

जुना लॅपटॉप घेणं वाईट नाही बरं का. ऑफिसमधून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक दणकट असतात. फक्त विंडोज ११ चालेल एवढी नवी जनरेशन बघा आणि बॅटरी तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग एक स्पेस, मग स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' टाईप करा. इंग्रजीतच हं! रिपोर्टमध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. आणि बिल घ्या. बिल नाही तर व्यवहार नाही.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दलही सांगतो. त्यात बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते, आणि क्रेडिट कार्डावर व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो. शेवटची बेरीज बघूनच हो म्हणा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर बँकेत विचारा, कोर्ससाठी कॉम्प्युटर लागत असेल तर तो खर्च कर्जात बसू शकतो.

मग मामेबहिणीचं काय झालं? मी तिला म्हणलं, महिनाभर थांब. पहिल्या वर्षाला सगळ्या शाखांचा बराचसा अभ्यास सारखाच असतो, कॉलेजला लॅब असते. ती म्हणाली, "दादा, सगळ्यांकडं असेल आणि माझ्याकडंच नसेल." खरं सांगतो, या वाक्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण ती थांबली. लॅबमध्ये बसली, सिनियरना विचारलं, आणि दसऱ्याच्या सेलमध्ये तिनं स्वतः निवडला: ७५३०यू, ८ जीबी, एक स्लॉट रिकामा, ५१२ ची एसएसडी. बजेटमध्ये बसला. दुसऱ्या वर्षी ८ जीबीची आणखी एक काडी तिनं स्वतःच्या हातानं बसवली आणि मला व्हिडिओ पाठवला. मामांनी मागून विचारलं, "उघडलंय खरं, बंद होईल ना ते?" झालं बंद. चालूही झालं.

तर मंडळी, दुकानात जायच्या आधी कागदावर चार ओळी लिहून न्या: प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम आणि रिकामा स्लॉट, एसएसडी, पिनकोडवर सेवा. दुकानदार काहीही म्हणू दे, कागद बाहेर काढायचा. आणि वडील सोबत असतील तर त्यांनाही समजावून सांगा. पैसे त्यांचे आहेत, कशाचे दिले ते त्यांना कळायला हवं.

मॉडेल नंबर पाठवा, वेळ मिळेल तसं उत्तर देतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि स्टिकरवर जाऊ नका!