संत्र्याची बासुंदी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला पाककृती सांगायला उभे केले आहे. पण आधी माझी फजिती ऐका. माझे माहेर अकोल्याचे, सासर वरुडचे. लग्नानंतरची पहिली दिवाळी झाली होती, आंबिया बहाराची संत्री घरात टोपल्यांनी येत होती. त्यातच नणंदेला पाहायला मंडळी येणार! मी हौसेने दोन लिटर दूध आटवले आणि उकळत्या दुधातच संत्र्याचा रस ओतला. क्षणात सगळे फाटले. मला रडूच कोसळले.

सासूबाई डोकावल्या. "ऊन दुधात आंबट टाकतेत काय वं? आता रडू नोको." त्यांनी दूध फडक्यात गाळले, चोथा साखर-वेलची घालून परतला, ताटात थापून वड्या पाडल्या. पाहुण्यांनी मागून घेतल्या. "आमच्या पोरीनंच केल्या," सासूबाई म्हणाल्या. मीही मान डोलावली!

हां, बासुंदी. दूध निम्मे आटवून अगदी गार करावे. फोडींची साल, पांढरे धागे व बिया काढाव्यात, कडूपणा त्यांतच असतो. गर वाढतेवेळीच मिसळावा.

नणंदेचे लग्न तिथेच जमले. वड्या मात्र तिला अजून येत नाहीत.