दुपारची सुस्ती आणि ताटातील समतोल



लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात दुपारी अडीच-तीनच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. सकाळी उत्साहाने भौतिकशास्त्राची उदाहरणे सोडविणारा विद्यार्थी खानावळीतून भरपेट भात जेवून परततो आणि पुस्तक उघडताच त्याचे डोळे मिटू लागतात. नांदेडच्या बाजारपेठेत गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याची आणि कचेरीत फाइल पुढे ओढणाऱ्या कर्मचाऱ्याची अवस्था याहून निराळी नसते. मग साखरेचा चहा येतो, सोबत बिस्किटे येतात. थोडी तरतरी वाटते आणि तासाभरात पुन्हा डुलकी लागते. घरची मंडळी म्हणतात, 'पोरगा आळशी झाला.' हळूहळू त्यालाही ते खरे वाटू लागते. एका तरुणाचा स्वतःवरचा विश्वास असा नकळत खचतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष त्याच्या स्वभावाचा नसतो, त्याच्या ताटाचा असतो.

शरीरात काय घडते?

जेवणानंतर रक्त पोटाकडे धावते, मेंदूला कमी पडते आणि म्हणून झोप येते, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. मेंदूचा रक्तपुरवठा शरीर कसोशीने सांभाळते. भात, पोळी, बटाटा, साखर या पिष्टमय व गोड पदार्थांचे ग्लुकोज होऊन रक्तात उतरते, तेव्हा स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. इन्सुलिनमुळे रक्तातील बरीच अमिनो आम्ले स्नायूंमध्ये शिरतात. ट्रिप्टोफॅन मात्र मागे राहते. मेंदूत शिरण्यासाठी चाललेल्या चढाओढीत त्याला वाट मोकळी मिळते. त्यापासून सेरोटोनिन तयार होते आणि मन सैलावते. जेवणात पुरेशी प्रथिने असतील, तर ही चढाओढ टिकून राहते व सुस्ती कमी येते. मेंदूतील ओरेक्सिन नावाचे रसायन स्रवणाऱ्या पेशी माणसाला जागे ठेवतात. ग्लुकोज वाढले की त्या मंदावतात, असेही प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्यातच शरीराच्या अंतर्गत घड्याळाप्रमाणे दुपारी सतर्कता स्वभावतःच थोडी उतरते. या नैसर्गिक उतारावर भाताचा डोंगर चढविला, की पापण्या जड होणारच.

पूर्वजांना इन्सुलिन ठाऊक नव्हते, परंतु अनुभव दांडगा होता. चरकसंहितेने उदराचे तीन भाग कल्पून एक घन आहारासाठी, एक द्रवासाठी आणि एक दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवण्यास सांगितले. ग्रीष्म ऋतू सोडता निरोगी माणसाने दिवसा झोपणे तिने अयोग्य मानले. वृद्ध, रुग्ण आणि श्रमाने थकलेल्यांना सवलत दिली. आपली वामकुक्षीदेखील डाव्या कुशीवर घेतलेली अल्प विश्रांती होती, दोन तासांची गाढ झोप नव्हे.

ताट कसे बदलले?

मराठवाड्याच्या घराघरात एके काळी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होती. तिच्या जोडीला तुरीचे वरण किंवा पिठले, अंबाडीची वा तांदुळजाची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. भात सणावाराला किंवा पाहुणा आला तर. १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलो खाऊन दिवस काढलेली पिढी आजही आपल्यात आहे. पुढे शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ येत गेले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो झाला. जानेवारी २०२३ पासून तो मोफत मिळू लागला. उपासमार रोखणाऱ्या या व्यवस्थेचे मोल मोठे आहे. पण याच काळात लातूर-नांदेडच्या शेतांत खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन उभे राहिले आणि भाकरी थापणारे हातही कमी झाले. शेतातले श्रम घटले, ताटातला भात मात्र वाढला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. सडलेल्या पांढऱ्या तांदळात प्रथिने ८ ग्रॅमच्या आसपास असली, तरी तंतू ३ ग्रॅमही नसतात. अर्थात ज्वारी ही जादू नव्हे. तिच्यातही पिष्ट आहेच, आणि कोंड्यासह दळलेला गहू तंतूंच्या बाबतीत तिच्या तोडीचा आहे. पाच भाकरी खाल्ल्या तरी सुस्ती येणारच. जुन्या ताटाचे बळ त्याच्या समतोलात होते: भाकरीबरोबर डाळ होती, पालेभाजी होती, ताक होते आणि जेवणानंतर कष्ट होते.

लातूरमध्ये रुजलेली चळवळ

आहार आणि इन्सुलिन यांचा संबंध महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचविणारी चळवळ याच भूमीत वाढली, हे उल्लेखनीय आहे. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकर यांनी मांडलेला विचार लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला. खरी भूक ओळखून दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे, मधल्या वेळी पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा काळा चहा एवढेच घ्यावे आणि रोज ४५ मिनिटे चालावे, हे त्याचे सूत्र. २०१८ मध्ये राज्य शासनाने त्यांना लठ्ठपणाविरोधी अभियानाचे दूत नेमले, तेव्हा काही आहारतज्ज्ञांनी आक्षेपही घेतले. दोन जेवणे प्रत्येकाला मानवतीलच असे नाही. वाढीच्या वयातील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांनी हा मार्ग धरू नये; इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना एकही जेवण टाळू नये. मात्र दिवसभर तोंड चालू ठेवण्याची सवय घातक आहे, हा त्यातील इशारा सर्वांनी ऐकण्यासारखा आहे.

इशाऱ्याचे गांभीर्य आकड्यांतून कळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी मधुमेही असून आणखी १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे याच पाहणीच्या २०२५ मधील निष्कर्षांत दिसले. लातूरमध्ये १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले. सेवाभावी रुग्णालये आजार बरा करण्यासाठी झटतात. तो दारात येऊ न देण्याचे काम मात्र घरातल्या स्वयंपाकघराचेच आहे.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाहीत. अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव ताट वरण, उसळ, पिठले किंवा दह्याचे आणि उरलेले पाव भाकरी, पोळी वा भाताचे असावे. जेवताना भाजी आणि वरण आधी, भात शेवटी आणि थोडा घ्यावा. क्रम बदलल्यानेही रक्तातील साखर कमी चढते. जेवणानंतर शतपावलीऐवजी दहा-पंधरा मिनिटे चालावे. दुपारच्या चहातील साखर आणि सोबतची बिस्किटे वगळावीत. भूक लागलीच तर मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे पुरे. खानावळ चालविणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना रोज एक उसळ आणि आठवड्यातून चार दिवस भाकरी दिली, तर मुलांच्या अभ्यासाला तो मोठाच हातभार होईल. आणि रात्री पुरेशी झोप न घेणाऱ्याला कोणतेही ताट दुपारी जागे ठेवू शकत नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

एवढे करूनही सुस्ती हटत नसेल, तहान व लघवी वाढली असेल, रात्री मोठ्याने घोरणे होत असेल किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर रक्तातील साखर व हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तिथे घरगुती तर्क चालविण्यात धोका आहे.

लातूर परिसरात वेळ अमावास्येला सारे कुटुंब शेतात जाते. डाळी, शेंगा, पालेभाज्या एकत्र शिजविलेली भज्जी, ज्वारीची भाकरी, बाजरीचे उंडे आणि ताकाची आंबील असे जेवण होते आणि मग मंडळी शिवारभर फिरतात. समतोल आहार आणि श्रम यांचा हा पाठ वर्षातून एकदा आनंदाने गिरविला जातो. तो रोजच्या ताटात उतरला, तर दुपारी पुस्तकावर मान टाकणाऱ्या त्या मुलाला 'आळशी' म्हणण्याची वेळ कोणत्याही आईवर येणार नाही. सुरुवात आज रात्रीच्या जेवणापासूनच करता येईल.