शिफारसपत्र आणि घरची सही
(एका व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो पुष्कळ घरांत दार लावून बोलला जातो. म्हणूनच तो येथे उघडपणे मांडणे मला अगत्याचे वाटते.

काही दिवसांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलास घेऊन माझ्याकडे आले. जन्मतः त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती. आपण पुरुष आहोत, हे त्याने घरी सांगितल्यास सहा वर्षे लोटली होती. शस्त्रक्रियेसाठी तो एका रुग्णालयात गेला असता, 'आधी आईबापांची सही आणा' असे सांगून त्यास परत पाठविण्यात आले. ते गृहस्थ मला म्हणाले, "वकीलसाहेब, मी सही करतो, पण माझ्या पश्चात त्याने कोणाची सही आणावी?"

या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व विचारक्षम व्यक्तीची संमती ही तिची स्वतःचीच असावी लागते. भुलीखाली असलेल्या एका सज्ञान स्त्रीच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ग्राह्य धरली नाही. कारण जिवाला तातडीचा धोका नसल्यामुळे ती शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य होते.

मग शिफारसपत्र कशासाठी? ते घरच्यांचे नव्हे, तज्ज्ञाचे असते. लिंगभाव व जन्मनोंद यांतील विसंगती दीर्घकाळ टिकून आहे, शस्त्रक्रियेचे परिणाम व्यक्तीस समजले आहेत, संमती देण्यास ती समर्थ आहे आणि इतर आजारांचा विचार झाला आहे, एवढे त्यात नमूद असावे. तारीख, सही व नोंदणी क्रमांक पाहूनच पत्र हाती घ्यावे. या क्षेत्रातील जागतिक संघटनेच्या जुन्या मार्गदर्शिकेत जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेस दोन पत्रे सांगितली होती. २०२२ च्या आठव्या आवृत्तीने एक पुरेसे मानले. तथापि शल्यचिकित्सक दोन मागू शकतो. म्हणून किती पत्रे लागतील, हे त्यास आधीच विचारावे. म्हणजे हेलपाटा व पैसा वाचेल.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेडाची कबुली देणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अंमलात आलेल्या रोगवर्गीकरणात ही विसंगती मानसिक विकारांत गणलेली नाही.

आईबापांनो, तुमची सही कायद्यास नको आहे. परंतु तुमची सोबत त्या लेकरास हवी आहे. तज्ज्ञाच्या दाराबाहेर बाकावर त्याच्या शेजारी बसा. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्यास पाणी द्यावयास कोणी तरी घरचे माणूस लागते. ते गृहस्थ आता मुलाबरोबर तपासणीस जातात. तुम्हीही जा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.